अपेक्षित धन, हाती आले ऋण: एका लघुग्रहाच्या ध्रुवणमापनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

लघुग्रह मोठ्या दुर्बिणीतूनही बहुधा ताऱ्यासारखा ठिपकाच दिसतो. नुसत्या तेजावरून त्याचा आकार ठरवता येत नाही, कारण पृष्ठभाग उजळ आणि पिंड लहान असला काय, किंवा पृष्ठभाग काळपट आणि पिंड मोठा असला काय, आपल्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश सारखाच भरू शकतो. पृष्ठभाग किती टक्के प्रकाश परत फेकतो, म्हणजे त्याचा अल्बेडो किती, हे स्वतंत्रपणे कळले तरच हा प्रश्न सुटतो. परावर्तित प्रकाशाचे ध्रुवण, म्हणजे त्याच्या कंपनांचा एका ठरावीक दिशेकडे असलेला कल, मोजणे हा त्यासाठीचा एक विश्वासार्ह मार्ग आहे.

सूर्यप्रकाश मुळात अध्रुवित असतो, पण लघुग्रहावरच्या धुळीवरून विखुरताना तो अंशतः ध्रुवित होतो. सूर्य, लघुग्रह आणि निरीक्षक यांतून जाणारे प्रतल हे प्रकीर्णन प्रतल, आणि लघुग्रहाशी सूर्याची व निरीक्षकाची दिशा यांत होणारा कोन हा कलाकोन. प्रकाशाची कंपने या प्रतलाला लंब दिशेने अधिक असतील तर ध्रुवण धन मानतात आणि समांतर दिशेने अधिक असतील तर ऋण. कलाकोन लहान असताना जवळजवळ सर्व लघुग्रहांचे ध्रुवण ऋण असते. धुळीच्या कणांमध्ये अनेकदा विखुरलेल्या प्रकाशलहरींचे व्यतिकरण (एकमेकींत मिसळून वाढणे किंवा घटणे) हे त्यामागचे मुख्य कारण मानले जाते. कलाकोन वाढत गेला की हे ऋण ध्रुवण एका किमान बिंदूपर्यंत खाली जाते, पुन्हा वर येते आणि साधारणपणे २० अंशांच्या आसपास शून्य ओलांडून धन होते. ज्या कोनाला ते शून्य ओलांडते त्याला व्युत्क्रम कोन म्हणतात. त्या ठिकाणी आलेखाचा चढ जितका तीव्र, तितका पृष्ठभाग काळपट. या नात्याचे मूळ रशियन भौतिकशास्त्रज्ञ निकोलाय उमोव यांच्या १९०५ मधील निरीक्षणात आहे. ग्रह आणि चंद्र यांच्या ध्रुवणाची सूक्ष्म मोजमापे फ्रान्सच्या बर्नार ल्यो यांनी १९२० च्या दशकात केली आणि या शाखेचा पाया घातला.

प्रस्तुत प्रकरण एका विद्यापीठातील लहान गटाचे आहे. गटात एक प्रमुख, दोन निरीक्षक आणि मोजमापांवर संगणकीय प्रक्रिया करणारी एक संशोधक विद्यार्थिनी होती. गटाची, वेधशाळेची आणि लघुग्रहाचीही ओळख येथे दिलेली नाही. लघुग्रह मंगळ व गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्याच्या आतल्या भागातला होता आणि वेधांच्या काळात सूर्यापासून सुमारे २.०५ खगोलीय एकके (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर) अंतरावर होता. हे अंतर पुढे निर्णायक ठरले, म्हणून त्याचा अर्थ आधीच सांगायला हवा. पृथ्वीवरून दिसणाऱ्या कलाकोनाला एक कमाल मर्यादा असते आणि तिची ज्या (साइन) म्हणजे १ भागिले सूर्यापासूनचे खगोलीय एककांतील अंतर. लघुग्रह २.५ एककांवर असेल तर कलाकोन जेमतेम २३.६ अंशांपर्यंत जातो, २.०५ एककांवर तो २९ अंशांच्या किंचित पुढे जाऊ शकतो.

उपकरण नेहमीचे होते: ध्रुवणाची दिशा वळवणारी, फिरवता येणारी अर्धतरंग पट्टिका, तिच्यामागे वोलॅस्टन लोलक आणि सीसीडी कॅमेरा. लोलक प्रत्येक पिंडाच्या प्रकाशाचे दोन शलाकांत विभाजन करतो आणि पट्टिका ०, २२.५, ४५ आणि ६७.५ अंशांवर ठेवून घेतलेल्या चित्रांतील दोन्ही शलाकांच्या तेजांच्या गुणोत्तरांवरून ध्रुवण काढले जाते. नाभीप्रतलावर पट्ट्यापट्ट्यांचा मुखवटा असल्यामुळे दोन्ही शलाकांची आकाशपार्श्वभूमी एकमेकींवर चढत नसे. अशा मोजमापात अचूकता प्रामुख्याने फोटॉनांच्या संख्येवर ठरते: ०.१ टक्का अचूकतेसाठी प्रत्येक घटकामागे सुमारे दहा लाख फोटॉन जमावे लागतात.

गटाचा मूळ हेतू साधा होता. या लघुग्रहाची नोंद केवळ दृश्य वर्णपटावरून एस वर्गात, म्हणजे सिलिकेटी खडकांच्या वर्गात झालेली होती. अवरक्त उष्णताप्रारणावरून काढलेला अल्बेडो मात्र ०.१५ च्या जवळ होता. एस वर्गासाठी तो अशक्य नाही, पण थोडा कमी वाटावा असा आहे. अशा अल्बेडोत पिंडाच्या निरपेक्ष प्रतीतील (ठरावीक प्रमाण अंतरावरून दिसेल त्या तेजाच्या आकड्यातील) अनिश्चितता थेट उतरते, प्रतीत ०.३ ची चूक असली तर अल्बेडो सुमारे ३० टक्क्यांनी चुकतो. ध्रुवणाच्या चढावरून काढलेल्या अल्बेडोला निरपेक्ष प्रत लागतच नाही. त्यामुळे ध्रुवणाने निकाल लागेल आणि आकाराचा आकडा पक्का होईल, अशी गटाची रास्त अपेक्षा होती.

अडचण

पहिले मोजमाप सुमारे ८ अंश कलाकोनाला झाले. एस वर्गाच्या लघुग्रहांचे ध्रुवण या भागात सर्वसाधारणपणे उणे ०.७ टक्क्यांच्या आसपास असते. येथे उणे १.१ टक्के मिळाले. फरक ठळक होता, पण त्या रात्री हवा अस्थिर होती आणि त्रुटीपट्टा मोठा होता, म्हणून त्याची केवळ नोंद करून गट पुढे गेला.

दुसरे मोजमाप २१.५ अंशांना झाले. एस वर्गाच्या वक्रानुसार येथे ध्रुवण शून्य ओलांडून किंचित धन झालेले असायला हवे होते. प्रत्यक्षात उणे ०.९ टक्के आले आणि त्रुटी ०.१ टक्क्याहून कमी होती. फोटॉनांच्या अपुऱ्या संख्येचे कारण या फरकाला लावता येत नव्हते.

गटापुढे दोन अगदी वेगळ्या शक्यता होत्या. पहिली अशी की चिन्ह उलटे पडले आहे. वोलॅस्टन लोलकातून निघणाऱ्या दोन शलाकांची नावे प्रक्रियेत एकमेकींच्या जागी गेली तर मोजलेली ध्रुवणाची दिशा नेमकी ९० अंशांनी फिरते आणि धन ते ऋण होते. पहिल्या आणि दुसऱ्या मोजमापाच्या मधल्या काळात उपकरण दुर्बिणीवरून उतरवून पुन्हा बसवले गेले होते, त्यामुळे ही शंका काल्पनिक नव्हती. दुसरी शक्यता अशी की मोजमाप बरोबर आहे आणि लघुग्रहच वेगळा आहे.

एरवी अशा शंकेचे निरसन ध्रुवित प्रमाण ताऱ्यावरून होते. ज्याच्या ध्रुवणाची दिशा नक्की माहीत आहे असा तारा त्याच रात्री मोजला की दिशेचे शून्य आपोआप ठरते आणि शलाकांची अदलाबदल झालेली असली तरी तिची भरपाई होऊन जाते. त्या रात्री मात्र अध्रुवित प्रमाण तारा झाला आणि ध्रुवित ताऱ्याची पाळी येण्याआधीच ढग आले. दिशेचे शून्य मागच्या सत्रातून घेतले गेले. अध्रुवित ताऱ्याने एवढेच सांगितले की उपकरणाचे स्वतःचे ध्रुवण ०.१ टक्क्याच्या आत आहे. चिन्हाबद्दल तो काहीच सांगू शकत नाही.

समोर असलेले पर्याय

ती रात्र बाद करावी, असे एका निरीक्षकाचे मत होते. प्रमाण तारा नसलेली रात्र वापरू नये, हा या कामातला चांगला नियम आहे आणि त्याचे म्हणणे त्या नियमाला धरून होते. तसे झाले असते तर पुढची रात्र सुमारे २४ अंशांना मिळाली असती. तेथेही ऋण मूल्य आले असते, पण मधला एक बिंदू कायमचा गेला असता.

विद्यार्थिनीने दुसरी वाट सुचवली. सममितीच्या नियमाप्रमाणे लघुग्रहाचे ध्रुवण प्रकीर्णन प्रतलाला एकतर लंब असते किंवा समांतर. ४५ अंशांत कललेला घटक शून्याच्या जवळ यायला हवा. तिने तो काढून पाहिला आणि तो त्रुटीच्या आत शून्य निघाला. यावरून बरेच काही कळले. दिशेचे शून्य काही अंशांनी सरकलेले असते, किंवा कॅमेऱ्यातील चित्र आरशातल्यासारखे उलटे वाचले गेले असते, तर हा घटक सहसा शून्य राहिला नसता. शेजारच्या ताऱ्याचा प्रकाश मिसळला असता तरीही त्याची दिशा अशी नेमकी प्रतलाला धरून आली नसती. मात्र या कसोटीला एक आंधळी जागा आहे: दिशा नेमकी ९० अंशांनी फिरली तर कललेला घटक तितकाच शून्य राहतो. नेमकी तीच चूक येथे संशयित होती. गटातील काही जणांना या शून्य घटकाने पुरेसा धीर आला होता. गटप्रमुखांनी मात्र ही कसोटी पुरावा म्हणून मान्य केली नाही, आणि माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय तोच होता. पटण्याजोगी कसोटी आणि नेमक्या शंकेला उत्तर देणारी कसोटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हातात सुंदर शून्य आलेले असताना हा भेद पाळणे सोपे नसते.

तिसरा पर्याय म्हणजे एस वर्गाचा प्रमाणभूत वक्र गृहीत धरायचा, दुसरे मोजमाप चिन्ह उलटे पडले असे समजून धन करून घ्यायचे आणि चढ काढायचा. हा मार्ग कोणी लेखी सुचवला नाही, पण चर्चेत तो डोकावून गेला. उणे ०.९ चे अधिक ०.९ केले तरी तो बिंदू एस वर्गाच्या वक्रावर बसत नव्हता, कारण या कोनाला त्या वर्गाचे ध्रुवण शून्याहून जेमतेम एखाद-दोन दशांश टक्के वर असते. म्हणजे चिन्ह कोणतेही धरले तरी नोंदलेला वर्ग संशयास्पद ठरतच होता. हे लक्षात येताच गटाचा प्रश्न बदलला. ‘आकडा चुकला का’ ऐवजी ‘हा कोणत्या प्रकारचा पृष्ठभाग आहे’ असे विचारले जाऊ लागले.

येथे जुन्या माहितीची मदत झाली. २००६ मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ अल्बर्टो चेल्लिनो आणि सहकाऱ्यांनी (२३४) बार्बरा या लघुग्रहाचे असेच विचित्र वर्तन प्रसिद्ध केले होते: २० अंशांच्या पुढेही ध्रुवण ठळकपणे ऋण आणि व्युत्क्रम कोन २८ ते ३० अंशांच्या दरम्यान. पुढे (१७२) बॉसिस, (२३६) ऑनोरिया, (३८७) अक्विटानिया, (६७९) पॅक्स आणि (९८०) अ‍ॅनाकोस्टिया यांतही तेच आढळले आणि या सर्वांना मिळून ‘बार्बेरियन’ हे नाव पडले. यांतील बहुतेकांचा वर्णपट एल किंवा त्याच्याशी मिळताजुळता वर्ग दाखवतो. त्यांच्या पृष्ठभागावर कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांनी समृद्ध असलेल्या, सूर्यमालेतील सर्वांत जुन्या घन कणांचे प्रमाण असाधारण जास्त असावे, असा एक गंभीरपणे घेतला जाणारा तर्क आहे. असे कण असलेला पृष्ठभाग आतापर्यंत टिकून असेल, तर तो ग्रह घडण्याच्या अगदी सुरुवातीच्या काळाचा साक्षीदार ठरतो. म्हणूनच या लहानशा गटातील प्रत्येक पिंड मोलाचा आहे.

केलेली कार्यवाही

गटाने आधी चिन्हाचा प्रश्न निकाली काढायचे ठरवले. पुढच्या स्वच्छ रात्री लघुग्रहाच्या आधी दोन ध्रुवित प्रमाण तारे मोजले गेले आणि त्यानंतर एक जुना, अनेकदा मोजलेला गडद लघुग्रह. तो लघुग्रह निवडण्यामागे विचार होता. त्याचा व्युत्क्रम कोन माहीत होता आणि त्या रात्री त्याचा कलाकोन त्याहून मोठा होता, म्हणून त्याचे ध्रुवण नक्की धन यायला हवे होते. ताऱ्यांवरून दिशेचे शून्य ठरते. पण प्रकीर्णन प्रतलाच्या दिशेचे गणित, त्यातील ९० अंश मिळवायचे की वजा करायचे हा संकेत आणि शेवटचे चिन्ह, ही संपूर्ण साखळी फक्त ज्ञात लघुग्रहावरच तपासता येते. तो धन आला. त्याच रात्री, त्याच प्रक्रियेने, २४ अंशांच्या आसपास आपला लघुग्रह पुन्हा ऋण आला.

ताऱ्यांवरून मिळालेले दिशेचे शून्य मागच्या सत्राच्या शून्याशी जुळले. उपकरण आधीच्या ढगाळ रात्रीनंतर हललेले नव्हते, त्यामुळे त्या रात्रीचे मोजमापही मागे जाऊन ग्राह्य धरता आले. बाद करायला निघालेला बिंदू अशा रीतीने वाचला.

दुसरा निर्णय उरलेल्या वेळेचा होता. मंजूर रात्री मोजक्याच होत्या. किमान बिंदूची खोली पक्की करायची, तर पुढच्या प्रतियुतीपर्यंत, म्हणजे लघुग्रह पुन्हा सूर्याच्या विरुद्ध बाजूला येईपर्यंत, थांबावे लागले असते. व्युत्क्रम कोन गाठायचा, तर सुमारे महिन्याभराने, लघुग्रह सूर्यापासून १०५ अंशांच्या आसपास दिसत असताना वेध घ्यावे लागणार होते. तोपर्यंत तो दूर गेल्यामुळे आणि कलाकोन वाढल्यामुळे ०.६ ते ०.७ प्रतीने मंद होणार होता, म्हणजे त्याच अचूकतेसाठी जवळपास दुप्पट वेळ लागणार होता. पुढे तो २९ अंशांच्या मर्यादेपाशी पोहोचून परत फिरणार होता. गटाने सगळ्या उरलेल्या रात्री या एकाच टप्प्यासाठी राखून ठेवल्या. यात धोका होता: आठवडाभर ढग राहिले असते तर हाती काहीच लागले नसते.

त्याच सुमारास गटप्रमुखांनी निकट अवरक्त वर्णपट घेणाऱ्या दुसऱ्या गटाशी संपर्क साधला. दृश्य वर्णपट ०.९ मायक्रॉनच्या थोडा पुढे संपतो आणि एस व एल वर्गांतला फरक तेथे फारसा उमटत नाही. खरा फरक २ मायक्रॉनच्या भागात दिसतो: एल वर्गाच्या अनेक पिंडांत तेथे रुंद शोषण आढळते आणि १ मायक्रॉनजवळचे शोषण क्षीण किंवा अदृश्य असते. या शोषणाचा संबंध स्पिनेल या खनिजाशी जोडला जातो.

निष्पत्ती

हवामानाने साथ दिली. २६ अंशांना ध्रुवण उणे ०.४ टक्के आणि २८.३ अंशांना उणे ०.०५ टक्के आले. शेवटच्या मोजमापाची त्रुटी ०.०८ टक्के होती. धन बाजूचा एकही बिंदू मिळाला नाही, कारण त्यानंतर कलाकोनाला वाढायला जागाच फारशी नव्हती. तरीही व्युत्क्रम कोन २८ ते २९ अंशांच्या आसपास असल्याचे आणि २० अंशांच्या जवळ तो निश्चितपणे नसल्याचे सिद्ध झाले. निकट अवरक्त वर्णपट नंतर मिळाला आणि तो एल वर्गाचा निघाला.

मूळ प्रश्न अल्बेडोचा होता आणि त्याबाबतीत गटाने दाखवलेला संयम मला विशेष वाटतो. व्युत्क्रमाजवळचा चढ अंशाला सुमारे ०.१३ टक्के होता. चेल्लिनो व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दिलेल्या समीकरणात, ज्यात चढाच्या लॉगरिदमला उणे १.११८ ने गुणून त्यातून १.७७९ वजा केले की अल्बेडोचा लॉगरिदम मिळतो, हा आकडा घातला तर अल्बेडो ०.१६ येतो. अवरक्त मूल्याशी तो इतका सुरेख जुळतो की तोच मुख्य निष्कर्ष म्हणून मांडण्याचा मोह व्हावा. गटाने तो मुख्य निष्कर्षात घेतला नाही. चढावरची त्रुटी धरली तर मूल्य ०.१३ पासून ०.२२ पर्यंत कुठेही असू शकत होते, आणि मुळात हे समीकरण सामान्य लघुग्रहांवर बेतलेले आहे; ज्यांचा व्युत्क्रम कोनच आठ-दहा अंशांनी सरकलेला आहे अशा पृष्ठभागांना ते तसेच लागू होते, हे गृहीत धरता येत नाही.

उलट बाजूचा धोका अधिक मोठा होता. या लघुग्रहाच्या किमान ध्रुवणाची खोली वक्रावरून उणे १.५ टक्क्यांच्या आसपास भरते. वेध तेथेच थांबले असते आणि किमान खोलीवरून अल्बेडो काढण्याचे नेहमीचे समीकरण वापरले गेले असते, तर उत्तर ०.०८ च्या जवळ आले असते. पिंड काळपट, कार्बनी असावा असा निष्कर्ष निघाला असता, आणि अल्बेडो ०.१५ धरल्यावर जो व्यास येतो त्याच्या जवळपास १.४ पट व्यास प्रसिद्ध झाला असता. वक्राचा एकच तुकडा पाहून वर्ग ठरवण्यात काय गमावले जाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

वेगळे काय करता आले असते

८ अंशांच्या पहिल्या मोजमापात इशारा होता. उणे ०.७ च्या जागी उणे १.१ आले तेव्हा, त्रुटीपट्टा मोठा असला तरी, तेवढ्या कोनाजवळ आणखी एक रात्र मागायला हवी होती. पुढे त्या टप्प्याची जी पोकळी राहिली, तिच्यामुळे वक्राची किमान खोली आजही अंदाजावर उभी आहे.

ध्रुवित प्रमाण तारा रात्रीच्या शेवटी ठेवण्याची पद्धत बदलायला हवी, आणि गटाने ती लगेच बदलली. आता प्रमाण तारा लघुग्रहाच्या आधी होतो. थोडी गैरसोय होते, कारण संधिप्रकाश पुरता ओसरलेला नसताना आकाशाची पार्श्वभूमी जास्त असते. पण प्रमाण तारे तेजस्वी असल्याने तेवढे चालते.

संधिप्रकाशाचा उल्लेख आला, म्हणून एक गोष्ट सविस्तर नोंदवतो. त्या ढगाळ रात्रीचे उत्तर त्याच संध्याकाळच्या चित्रांत होते. कॅमेऱ्याची संवेदनशीलता समतल करण्यासाठी सूर्यास्तानंतर आकाशाची चित्रे घेतात आणि या गटाने ती अर्धतरंग पट्टिकेच्या चारही स्थितींत घेतली होती. सूर्यास्ताच्या वेळी खस्वस्तिकाजवळचे, म्हणजे थेट डोक्यावरचे, आकाश तीव्रपणे ध्रुवित असते आणि त्याची दिशा नक्की माहीत असते: सूर्याकडे जाणाऱ्या रेषेला लंब. मुखवट्यामुळे दोन्ही शलाकांचे आकाश वेगवेगळे नोंदले जात असल्याने, त्या चित्रांवरून ध्रुवणाची दिशा काढणे तासाभराचे काम होते. शलाका अदलाबदल झाल्या असत्या तर दिशा ९० अंशांनी चुकली असती आणि ते लगेच दिसले असते. संधिप्रकाश ही बारीक मोजमापांसाठी विश्वासार्ह कसोटी नाही, कारण त्यात अनेकदा विखुरलेला प्रकाश आणि धुळीचा प्रभाव मिसळलेला असतो. पण प्रश्न ९० अंशांचा असेल तेव्हा दोन-चार अंशांची चूक चालते.

राहिला मुद्दा उरलेल्या सगळ्या रात्री एका टप्प्यावर लावण्याचा. निकाल चांगला लागला म्हणून तो निर्णय योग्य होता असे मी म्हणणार नाही. तो योग्य होता तो वेगळ्या कारणासाठी. २०.५ अंशांजवळ शून्य ओलांडणारा वक्र आणि २८.५ अंशांजवळ ओलांडणारा वक्र यांतला फरक २६ अंशांच्या पुढे एका टक्क्याच्या आसपास जातो, म्हणजे मोजमापाच्या त्रुटीच्या दहापट. त्यामुळे एकच स्वच्छ रात्र मिळाली असती तरी दोन गृहीतकांतला निवाडा झाला असता. किमान खोलीजवळ तशाच एका रात्रीने हा निवाडा झाला नसता. गटाच्या पुढच्या अर्जात आता याच लघुग्रहाच्या पुढील प्रतियुतीसाठी १० ते १५ अंशांदरम्यानच्या रात्री मागितलेल्या आहेत, आणि त्यासोबत दृश्य वर्णपटावरून एस वर्गात टाकलेले परंतु अल्बेडो कमी असलेले आणखी काही आतल्या पट्ट्यातील लघुग्रह, ज्यांचा कलाकोन २५ अंशांच्या पुढे जातो.